आगाशेबाईंचं टोपरं

पद्मजा आगाशे यांना जन्मात कुणी ‘राखीव’ म्हटलं नव्हतं. शाळेतल्या खो-खोपासून मंगळागौरीच्या फुगडीपर्यंत बाई कायम पहिल्या फळीत. दोन हजार अठराच्या एप्रिलमध्ये एका रविवारी भर दुपारी, खराडीच्या एका आयटी कंपनीत काम करणारा चौतीस वर्षांचा दिग्विजय त्यांच्या हेडफोनमधून अतिशय गोड आवाजात म्हणाला, “मॅडम, तुम्ही राखीव राहिलात तर कसं?” तेव्हा बाईंनी आधी उठून पंखा बंद केला. गोड बोलणाऱ्या माणसाचं बोलणं नीट ऐकून घ्यावं, हा त्यांचा जुना शिरस्ता.

राखीव म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. राखीव म्हणजे कार्यालयात रुखवतापाशी बसवलेली आत्या. मान मोठा, काम शून्य, आणि पंगत उठल्यावर ती जेवली का हे विचारायचं सगळ्यांच्याच लक्षातून जातं.

“पाच आठवडे दे,” बाई म्हणाल्या. “कोट उघडेल त्या रविवारी पहिल्या दरवाजाला मला ने. दरवाजा पडला नाही, तर मी आपणहून राखीव बसेन. कुरकुर करणार नाही.”

दिग्विजय बरं म्हणाला. बाकीच्या सातांनी लगेच पुढच्या सरावाची वेळ ठरवायला घेतली, आणि ते बाईंना त्याच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

आता एकसष्ट वर्षांची, धायरीत एकटी राहणारी, कुकरच्या शिट्ट्या मोजून गॅस बंद करणारी बाई कुठल्या कोटाच्या दरवाजाला निघाली होती, हे सांगायला हवं.

नारायण पेठेत एक अरुंद जिना चढून वर गेलं की आगाशे टायपिंग इन्स्टिट्यूट लागायचं. एकेचाळीस मशीनं, आठ बाकडी, आणि सकाळी सहापासून सुरू होणारा तो कडकडाट. बाईंनी तिथं तीस वर्षं शिकवलं. दहावी झालेल्या मुली, कोर्टातले कारकून, नोकरीच्या जाहिराती कापून खिशात ठेवणारे बीकॉम, सगळ्यांची बोटं बाईंच्या नजरेखालून गेली. नजरेखालून म्हणण्यापेक्षा कानाखालून म्हणायला हवं. बाई दाराकडे पाठ करून वही तपासत बसायच्या आणि मागं न बघता सांगायच्या, “तिसरं बाकडं, उजवी करंगळी झोपलीय.” करंगळी खरोखरच झोपलेली असायची.

मग नव्वदीची हवा आली, आणि तिच्यामागून कॉम्प्युटर आले. पत्रं छापायला म्हणून बाईंनीही एक घेतला. त्यावर त्यांचा भाचा पुष्कर याने दोन हजार आठ साली एक ऑनलाइन खेळ घालून ठेवला. जगभरची माणसं एकाच वेळी एका खोट्या जगात शिरतात, आपापलं एक पात्र घेतात, टोळ्या करून राक्षस मारतात, असा तो खेळ. पुष्कर कॅनडाला गेला आणि जाताना म्हणाला, आत्या, माझं पात्र तेवढं सांभाळ. गावाला जाताना शेजाऱ्यांना तुळशीला पाणी घालायला सांगतात, त्याच सुरात. बाईंनी पाणी घातलं. सहा महिन्यांत पुष्करचं पात्र दुप्पट बलवान झालं आणि बाईंनी स्वतःचं दुसरं काढलं. नाव ठेवलं सेमीकोलन, कारण टायपिंगला बसलं की उजवी करंगळी त्याच बटणावर टेकते.

सेमीकोलन वैद्य होती. लढणाऱ्यांच्या मागं उभं राहायचं, ज्याचं रक्त कमी होईल त्याला बरं करायचं, हे तिचं काम. बाईंनी दोन्ही हातांच्या आठ बोटांखाली स्वतःसकट आठ माणसं वाटून घेतली होती. डावी करंगळी दाबली की सर्वांत पुढं ढाल घेऊन उभा असलेला दिग्विजय बरा. उजवं मधलं बोट म्हणजे अमरावतीहून येऊन चाकणच्या कारखान्यात लागलेला दत्तप्रसाद. उजवी अनामिका म्हणजे कात्रजला औषधांच्या दुकानात बसणारी उल्का. त्या खेळात वैद्याला हलावं लागत नसे. एका जागी उभं राहून पॅसेज मारावा तसं बाई माणसं बरी करत. मिनिटाला सत्तर बटणं, चूक एकही नाही. टोळीचं नाव होतं ‘पेठ आणि परिसर’. दहा वर्षं रोज संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ, आठ माणसं एकमेकांची तोंडं न बघता एकत्र लढली. या दहा वर्षांत बाईंचे यजमान, आगाशे, गेले. नंतर इन्स्टिट्यूट गेलं. साडेसात ते साडेनऊ तेवढे राहिले.

इन्स्टिट्यूटचं एक खरं सांगायला हवं, कारण बाई स्वतः ते कुणाला सांगत नसत. परीक्षा मशीनवरून कॉम्प्युटरवर गेली तेव्हा शहरातल्या पुष्कळ इन्स्टिट्यूटवाल्यांनी मशीनं काढली, कॉम्प्युटर मांडले आणि पाट्या बदलल्या. बाईंनाही सहज जमलं असतं. पण बाई म्हणाल्या, त्या मऊ बटणांवर बोटाला वजन येत नाही, मी शिकवणार नाही. स्वतः संध्याकाळी त्याच मऊ बटणांवर राक्षस मारत होत्या, तरी सकाळी हाच हेका. दोन वर्षांत बाकडी रिकामी झाली आणि एकेचाळीस मशीनं भंगारवाल्याने वजनावर उचलली. लोक म्हणाले, काळ बदलला. बाईंना पक्कं माहीत होतं की इन्स्टिट्यूट काळाने बुडवलेलं नाही. ते पद्मजा आगाशेने बुडवलेलं आहे.

आणि दोन हजार अठराच्या मार्चअखेर खेळच बंद झाला. कंपनीने तसं कळवलं होतं. शेवटच्या संध्याकाळी आठही जण त्या खोट्या जगातल्या नदीच्या घाटावर जाऊन उभे राहिले. वेळ झाली आणि पडदा काळा पडला. बाई रडल्या. आगाशे गेले तेव्हा घरात माणसं होती, चहाचं बघायचं होतं, तेव्हा रडायचं राहून गेलं होतं. इथं बघायला कुणी नव्हतं.

दिग्विजयने नवा खेळ शोधला आणि सगळी टोळी तिकडं गेली. जुन्याला थोरला आणि नव्याला धाकटा म्हणायचं, असं ठरलं. नव्या खेळात एक कोट होता, तो मेमध्ये उघडणार होता, आणि त्यात एका वेळी आठच माणसं जाऊ शकत होती. थोरल्यात दहा जात. इथं एक नवी मुलगी येऊन टोळी नवाची झाली होती, म्हणजे एकाने बाहेर बसणं आलं.

दहा वर्षं खेळलेली माणसं नव्या खेळात कशी शिरतात, हे बघण्यासारखं असतं. जावई सासुरवाडीत शिरतो तशी. सुरुवातीला धाकट्यात एक शिकवणी होती, चालायचं कसं, वार चुकवायचा कसा, हे सांगणारी. आठही जुन्या खेळाडूंनी ती न वाचता पुढं ढकलली. दत्तप्रसादने थोरल्यातल्या सवयीने दिसेल ते लाकूड, दगड, पाला पिशवीत भरायला घेतला. धाकट्यात पाला दोन दिवसांत सडतो, हे त्याला पिशवी सडल्यावर कळलं. उल्का दर दहा मिनिटांनी म्हणे, थोरल्यात असं नव्हतं. दिग्विजय सगळ्यांच्या पुढं पळत सुटला आणि आठवड्यात वरच्या पायरीला पोचला. आणि बाईंनी काय केलं, तर दोन आठवडे बसून नव्या खेळाची सगळी बटणं बदलली आणि हुबेहूब थोरल्यासारखी मांडून घेतली. डावी करंगळी म्हणजे दिग्विजय, उजवी अनामिका म्हणजे उल्का. आपल्या हुशारीवर त्या खूश होत्या.

पण धाकटा काही ऐकेना. तिथं वैद्याला उभं राहून चालत नाही, सारखं फिरावं लागतं, आणि फिरायची बटणं नेमकी डाव्या हाताखाली असतात. बाईंनी ती उचलून भलतीकडे नेली होती, मग एका हाताने चालणं आणि दुसऱ्याने बरं करणं यांचा मेळ बसेना. शिवाय तिथं औषध माणसाला लागतच नाही. वैद्याने जमिनीवर उजेडाचं रिंगण टाकायचं आणि जखमी माणसाने त्यात येऊन उभं राहायचं, अशी तिथली रीत. बाई माणसाकडे बघून बटण दाबत, तोवर माणूस पुढं गेलेला असे आणि रिंगण मागं रिकामं पडे. सरावाच्या लढाईत एक पूल होता. त्या पुलावरून सेमीकोलन अकरा वेळा खाली पडली. नववी वेळ झाल्यावर लोकांनी हसायचं सोडलं. बाईंना वाटलं, हसले असते तर बरं झालं असतं.

नववी खेळाडू होती तनया. दिग्विजयच्या ऑफिसातली, चोवीस वर्षांची, नव्याने आलेली. तिने जन्मात आधी असला खेळ खेळला नव्हता. शिकवणी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेली ती एकटीच. तीही वैद्यच. पुलावरून ती एकदाही पडली नाही. दिग्विजयच्या आखणीत वैद्याची जागा एकच होती, आणि म्हणून दिग्विजयचा आवाज इतका गोड झाला होता.

पाच आठवडे मागून घेतल्यावर पहिला आठवडा बाईंनी रागाने घालवला. जास्त खेळल्या, जास्त वेगाने खेळल्या, जास्त वेळा पडल्या. दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी त्यांनी खेळणं थांबवलं आणि नुसत्या ऐकत बसल्या. टोळी सराव करत होती, आणि सगळ्यांच्या माइकमधून बटणांचे आवाज येत होते. बाईंनी डोळे मिटून तनयाची बटणं मोजली. मिनिटाला एकोणीस.

एकोणीस. आपण सत्तर दाबतो आणि माणसं मरतात, ही पोरगी एकोणीस दाबते आणि माणसं जगतात. वेग आपल्याकडे आहे आणि काम तिच्याकडे होतंय. मग त्यांनी बाकीच्यांचीही बटणं ऐकली. दिग्विजयचा ठेका ऐकून त्यांनी डोळे उघडले. टक-टक-टक, थांबा. टक-टक-टक, थांबा. थोरल्यात ढाल रोवून उभं राहताना तो जे तीन टोले मारायचा, ते तसेच्या तसे. धाकट्यात तसली ढालच नाही. म्हणजे मुलगा नव्या जगात बसून जुनंच पत्र टाइप करत होता. पण त्या वेळी बाई काही बोलल्या नाहीत. ज्याला स्वतःला पूल ओलांडता येत नाही, त्याने दुसऱ्याच्या ढालीबद्दल बोलू नये.

त्यांना रावसाहेब आठवले. एकोणनव्वद सालची गोष्ट. एका सरकारी कचेरीतले कारकून, वय बावन्न, बढतीसाठी टायपिंगचं सर्टिफिकेट हवं होतं. रावसाहेब दोन तर्जन्यांनी टाइप करायचे आणि चाळीसच्या वेगाने करायचे. दोनदा परीक्षेला बसले, दोनदा पडले, कारण नजर सारखी बटणांवर आणि पॅसेजची ओळ हरवायची. बाई तेव्हा बत्तीस वर्षांच्या होत्या. असल्या जाणत्या माणसांसाठी त्यांच्याकडे एक युक्ती होती. पुठ्ठ्याचं एक टोपरं त्या मशीनवर चढवायच्या. माणसाने दोन्ही हात आत घालायचे, बटणं दिसणार नाहीत, हातही दिसणार नाहीत. नवशिक्या मुलींना टोपरं लागत नसे. ते फक्त आधीच टाइप करता येणाऱ्यांसाठी होतं. टोपरं पाहिल्यावर रावसाहेबांचा चेहरा पडला. बाईंनी त्यांना एकच सांगितलं होतं. “पहिला महिना तुम्ही आधीपेक्षा वाईट व्हाल. तेवढं सोसणार असाल तर बसा.”

रावसाहेब पहिल्या आठवड्यात टोपरं फेकून जिना उतरून गेले. दुसऱ्या दिवशी परत आले, स्वतःच टोपरं उचलून चढवलं आणि बसले. महिन्याच्या शेवटी त्यांचा वेग चाळीसवरून नऊवर आला होता आणि शेजारच्या बाकड्यावरच्या मुली तोंडात पदर घालून हसत होत्या. चौथ्या महिन्यात ते पास झाले. पेढे घेऊन आले तेव्हा म्हणाले, बाई, तुम्ही शिकवलंत त्याचे आभार नंतर मानतो, आधी विसरायला लावलंत त्याचे मानतो.

हे सगळं दुसऱ्याला सांगणं किती सोपं होतं, ते बाईंना त्या संध्याकाळी कळलं. मग त्यांनी उठून माळ्यावरून श्रीखंडाच्या डब्यांचा मोठा खोका काढला, कात्री घेतली आणि कीबोर्डच्या मापाचं टोपरं कापलं. इतक्या वर्षांच्या सवयीने चार मिनिटांत झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपली सगळी बटणं पुन्हा मुळासारखी करून टाकली. एवढ्यावर भागेना. महिनाभर राबून मोठी केलेली नवी सेमीकोलन त्यांनी पुसून टाकली. खेळाने तीनदा विचारलं, नक्की का? तिन्ही वेळा बाईंनी हो दाबलं. पहिल्या पायरीवर, फाटक्या कपड्यांत, हातात काठी घेतलेलं नवं पात्र उभं राहिलं आणि शिकवणी सुरू झाली. चालण्यासाठी ही चार बटणं वापरा. बाईंनी टोपऱ्यात हात घातले आणि चालायला सुरुवात केली.

टोळीत ही बातमी पसरली तेव्हा सगळ्यांना वाटलं, मॅडमनी नाद सोडला. साडेतीन आठवडे उरलेले असताना कुणी पहिल्या पायरीवर जातं का? दत्तप्रसादने खासगीत फोन करून सांगितलं, मॅडम, राग नका धरू, बसतो मी राखीव तुमच्या जागी. बाईंनी त्याला प्रेमाने झापलं. तुझी जागा वैद्याची नाही, तुझं पातेलं तू सांभाळ.

पण रोज सकाळी नऊ ते अकरा बाई टोपऱ्यात हात घालून बसत. पहिले आठ दिवस भयंकर गेले. सत्तर बटणं दाबणारी बोटं चाराला अडखळत होती. डाव्या करंगळीखाली अजून दिग्विजय होता. ती दाबली की दिग्विजय बरा व्हायचा सोडून सेमीकोलन डावीकडे पाऊल टाकायची आणि दरीत जायची. एका गुरुवारी धायरीत पाणी नव्हतं, दुधाचा चहा नासला होता, आणि त्या सकाळी सेमीकोलन एकाच कड्यावरून सात वेळा गेली. बाईंनी टोपरं उचलून भिंतीवर फेकलं. मग रावसाहेबांची आठवण होऊन स्वतःलाच लाज वाटली. टोपऱ्याची एक कड मोडली होती. चिकटपट्टीने ती जोडून त्या परत बसल्या. एकदा इन्स्टिट्यूट घालवलं होतं, आता साडेसात ते साडेनऊ घालवायचे नव्हते.

मग त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी पेठेतल्या माणसाला कड्यावरून पडण्यापेक्षा अवघड जाते. तनयाला फोन लावला आणि म्हणाल्या, मला शिकव. तनया गांगरली. आपण एकाच जागेसाठी आहोत, हे तिलाही माहीत होतं. पण मुलगी सरळ होती. म्हणाली, मॅडम, मी काहीच विशेष करत नाही, माणसाकडे बघतच नाही, तो दोन क्षणांनी कुठे असेल त्या जमिनीकडे बघते. बाईंनी हे वाक्य वहीत लिहून घेतलं आणि खाली तारीख घातली.

याच सुमारास टोळीच्या ग्रुपवर बाईंची एक सूचना आली. इन्स्टिट्यूटच्या भिंतीवर असायच्या त्या धाटणीची. ‘पूर्वी खेळलेल्यांसाठी. ज्यांना काही येत नाही त्यांनी ही सूचना वाचू नये, त्यांचं उत्तम चाललं आहे. इतरांनी शिकवणी वाचावी, ती लिहिणारा माणूस आपल्यापेक्षा मूर्ख नव्हता. नव्या खेळाला जुन्याचे कपडे घालू नयेत. मी घातले, आणि पुलावरून पडले. पिशवी भरण्याआधी पाला सडतो का, हे विचारावं. आणि “थोरल्यात असं नव्हतं” हे वाक्य उच्चारणाऱ्याने पुढची फेरी लाकडं तोडण्यात घालवावी.’ उल्काने त्या आठवड्यात चार वेळा लाकडं तोडली. दिग्विजयने सूचनेखाली हसरा चेहरा टाकला. त्याने ती वाचली नाही, हे बाईंना त्याच्या बटणांवरून रोज ऐकू येत होतं.

मेचा तो रविवार आला. दुपारी तीन वाजता कोट उघडणार होता. बाईंनी वरणभात लवकर उरकला, फोन बंद केला, टोपरं बाजूला ठेवलं. आता त्याची गरज नव्हती. तनया त्या दिवसापुरती बाहेर बसून ऐकत होती. आठ जण आत गेले.

पहिल्या दरवाजावर लोखंडी बैलासारखा एक राक्षस होता. पहिल्या फेरीत दिग्विजय मेला आणि त्याच्यामागं सगळे. दुसऱ्या फेरीत दिग्विजय मेला आणि त्याच्यामागं सगळे. बाईंची रिंगणं बरोबर पडत होती. दत्तप्रसाद त्यात येत होता, उल्का येत होती. दिग्विजय मात्र आपल्या जागी उभा राहायचा. टक-टक-टक, थांबा, आणि त्या थांब्यात बैलाची धडक. दर वेळी पडदा काळा झाला की दोष वैद्याचाच वाटतो, हा सगळ्या खेळांचा नियम आहे.

बाईंच्या पुढं दोन वाटा होत्या. दिग्विजय कुठं थांबणार, हे त्यांना टोल्यांवरून आधीच कळत होतं. सगळा उजेड त्याच्या त्या एका जागेवर ओतला, तर तो जगेल, दरवाजाही पडेल, परीक्षा पास होईल. फक्त त्यापायी उल्का आणि दत्तप्रसाद अंधारात मरतील, आणि दिग्विजयला आयुष्यभर कळणार नाही की त्याला उचलून नेलं होतं. दुसरी वाट म्हणजे परीक्षकाची चूक परीक्षकालाच सर्वांसमोर सांगायची. बाईंना भीती वाटली. मग त्यांना एकेचाळीस मशीनं भंगारात जाताना आठवली, आणि त्यांचा इन्स्टिट्यूटमधला आवाज आपोआप बाहेर आला.

“दिग्विजय, तुझे तीन टोले मला ऐकू येतात. ती थोरल्यातली ढाल आहे. इथं ती नाही. महिनाभर तू इथं आलेलाच नाहीस. आता मी रिंगण टाकते, तू थांबू नकोस, चालत ये.”

मग तिसरी फेरी सुरू झाली. टक-टक, आणि दिग्विजयचा तिसरा टोला अडकला. पाय हलले, चुकीच्या बाजूला. बैलाने त्याला उडवलं. चौथ्या फेरीत त्याची बटणं पहिल्याच दिवशी मशीनवर बसलेल्या मुलीसारखी वाजत होती, मध्येच एक, मध्येच दोन, ठेका नाही. बाईंना तो बेसूर कडकडाट ऐकून बरं वाटलं. त्यांनी तो चालेल त्या जमिनीवर रिंगण टाकलं आणि तो धडपडत, एक पाऊल उशिरा, पण त्यात आला. मिनिटाला एकवीस बटणं. बाई मनात मोजत होत्या. दरवाजा पडला तेव्हा आठही माणसं उभी होती.

दत्तप्रसाद ओरडला, उल्का रडली, तनयाने बाहेरून टाळ्या वाजवल्या. दिग्विजय सगळ्यांत शेवटी बोलला, आणि या वेळी त्याच्या आवाजात गोडवा नव्हता. म्हणाला, पुढच्या रविवारची यादी टाकलीय. ढाल दत्तप्रसादकडे, वैद्य दोन, मॅडम आणि तनया. राखीव म्हणून त्याने स्वतःचं नाव घातलं होतं, महिन्यासाठी. मग जरा घुटमळून त्याने विचारलं, मॅडम, ते टोपरं कसं करतात?

“मापाशिवाय टोपरं होत नाही,” बाई म्हणाल्या. “कीबोर्ड घेऊन ये.”

शनिवारी सकाळी धायरीच्या घराची बेल वाजली. दहा वर्षं ज्याचा फक्त आवाज ऐकला होता, तो दिग्विजय कीबोर्ड टॉवेलमध्ये गुंडाळून दारात उभा होता. बाईंच्या डोळ्यांपुढचा दिग्विजय सहा फुटी होता. हा त्यांच्या खांद्याला लागत होता, चष्म्याचा, पोहे घेणार का विचारल्यावर लाजणारा. बाईंनी टेबल मोकळं केलं, कीबोर्ड मांडला, पुठ्ठा कापला, घडी घालून वर चढवला. दिग्विजय त्या पुठ्ठ्याकडे बघत राहिला. रावसाहेबांचा चेहरा तेव्हा असाच पडला होता.

“पहिला महिना तू आधीपेक्षा वाईट होशील,” बाई म्हणाल्या. “तेवढं सोसणार असशील तर बस.”

दिग्विजयने खुर्ची पुढं ओढली आणि दोन्ही हात आत घातले. बाई दाराकडे पाठ करून खिडकीपाशी बसल्या आणि ऐकू लागल्या.